पावसाळी बॅच: मर नाही, पण वजनही नाही. पक्ष्यांच्या पोटात चाललंय काय?

पडवीतला
राजापूर तालुक्यात सड्यावर माझी ब्रॉयलरची शेड आहे. उघड्या बाजूंची, ५००० पक्ष्यांची. करारावर पाळतो: पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं; शेड, वीज, तूस आणि राबणं माझं. उन्हाळी बॅचला उष्मा सोडला तर तक्रार नसते. मिरग लागला की गणित फिसकटतं.

मर ४ टक्क्यांच्या आत असते, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला सगळं झकास वाटतं. पण ३५ व्या दिवशी जिथे २ किलो दिसायला हवं तिथे काटा पावणेदोनवर घुटमळतो. एफसीआर, म्हणजे किलोभर वजनामागे लागलेलं खाद्य, १.६ चा १.८ कडे सरकतो आणि ग्रोइंग चार्जेसमधून (पाळण्याबद्दल कंपनी देते ते पैसे) जे कापलं जातं ते बघवत नाही. लक्षणं म्हणाल तर एवढीच: २० दिवसांनंतर विष्ठेत न पचलेलं खाद्य दिसतं, मधूनच नारिंगी चिकट पडतं, पक्षी लहान-मोठे राहतात, पाय फिके वाटतात. रक्ताची विष्ठा कधीच दिसली नाही.

सुपरवायझर म्हणतो, तुमचं मॅनेजमेंट कमी पडतं. शेजारी म्हणतो, जंत झालेत, औषध पाज. मला खाद्यावर संशय आहे. तुमच्यापैकी कोणी पाळत असेल तर सांगा, यातलं खरं काय?

तुसाचं पोतं
सुपरवायझरचं 'मॅनेजमेंट' म्हणजे डॉक्टरांचं 'व्हायरल'. काही कळलं नाही की तेच.

आंबा फणस
वाचतोय. आमच्याकडे फक्त खायला असतात, पण धागा चांगला होणार असं दिसतंय.

माणगाववाला
माझ्या दोन शेड आहेत, करारावरच. आधी पैशाचं सांगतो, कारण मर नाही म्हणून लोक हा विषय हसण्यावारी नेतात. ५००० पक्षी, सरासरी १.९ किलो धरा, म्हणजे ९५०० किलो जिवंत वजन. एफसीआर नुसता ०.१ ने बिघडला तर ९५० किलो खाद्य जादा गेलं. ५० किलोची १९ पोती! तुमचा तर ०.२ ने बिघडतोय. ही ३८ पोती कोंबडीच्या पोटातून सरळ लिटरवर (शेडमधल्या तुसाच्या अंथरुणावर) गेली. चोर शिरून एवढी पोती घेऊन गेला असता तर तुम्ही पोलिसात गेला असता.

कारण काय म्हणाल तर मला पिल्लांवर शंका आहे. पावसाळ्यात हॅचरीची पिल्लं कमजोर येतात.

गुरांचा डॉक्टर
पडवीतला, तुम्ही जे लिहिलंय ते वाचून पहिला संशय कॉक्सिडिओसिसचा (आयमेरिया नावाच्या परजीवीमुळे होणारा आतड्याचा रोग), आणि तोही लपलेला. गावात 'कॉक्सी' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे रक्ताची विष्ठा आणि पटापट मरणारे पक्षी येतात. तो आयमेरिया टेनेला. तो आतड्याच्या शेवटी दोन आंधळ्या पिशव्या असतात त्यांत बसतो आणि रक्त काढतो. पण कोंबडीत आयमेरियाच्या सात जाती मानल्या जातात. त्यातला ॲसर्व्हुलिना वरच्या आतड्यात, मॅक्झिमा मधल्या आतड्यात. हे दोघं सहसा मारत नाहीत, फक्त जेवू देत नाहीत.

चालतं ते असं. आजारी पक्ष्याच्या विष्ठेतून परजीवीची अंडी (ऊसिस्ट म्हणतात) लिटरवर पडतात. पडल्या पडल्या ती निरुपद्रवी असतात. ओल, ऊब आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत पिकतात. पक्षी लिटर टोचतो, अंडं पोटात जातं, पेषणीत त्याचं कवच भरडलं जातं, पित्त आणि पाचकरस लागले की आतून आठ जीव बाहेर पडतात आणि आतड्याच्या पेशींत घुसतात. तिथे वाढतात, पेशी फोडतात, पुढच्या पेशीत जातात. चार ते सात दिवसांत एका अंड्यामागे हजारो नवी अंडी खाली. असे तीन-चार फेरे झाले की बॅच चौथ्या आठवड्यात असते, नेमकी जेव्हा खाद्य सगळ्यात जास्त खायचं असतं.

वरच्या आतड्याचं अस्तर सोललं गेलं की अन्न शोषलं जात नाही. मक्यातला पिवळा रंगही शोषला जात नाही, म्हणून पाय फिके. नारिंगी चिकट हे मॅक्झिमाचं ओळखीचं लक्षण. तापमान २५-३० अंश आणि हवेत दमटपणा ही त्याच्या आवडीची हवा. म्हणजे आपला जुलै.

हर्णैचा वारा
डॉक्टर, सगळं मान्य. पण कॉक्सी तर प्रत्येक शेडमध्ये असतोच ना? मग आरोपीच्या पिंजऱ्यात फक्त शेतकऱ्यालाच का उभं करायचं? खाद्यात कॉक्सीविरोधी औषध कंपनी घालते. कुठलं घातलं, किती घातलं, कधी बदललं, हे करारवाल्या माणसाला कोण सांगतं? पोत्यावरचं लेबल वाचायला गेलं तर अर्धं फाटलेलं. वर्षानुवर्षं एकच औषध फिरवलं की परजीवी त्याला सरावतो, हे मी कोणा पुस्तकात वाचलेलं नाही, शेडमध्ये बघितलंय.

गुरांचा डॉक्टर
@हर्णैचा वारा, अगदी रास्त मुद्दा. सालिनोमायसिन, मोनेन्सिन, मदुरामायसिन हा एक गट, आयनोफोर. निकारबाझिन, डायक्लाझुरिल, रोबेनिडिन वगैरे रासायनिक गट. चांगल्या कंपन्या स्टार्टरमध्ये (सुरुवातीचं खाद्य) एक आणि फिनिशरमध्ये (शेवटचं खाद्य) दुसरं अशी अदलाबदल करतात आणि काही महिन्यांनी गटच पालटतात. रासायनिक औषधांना परजीवी लवकर सरावतो. आयनोफोरला सावकाश, कारण ते सगळे किडे मारत नाहीत, थोडे सुटू देतात आणि त्यावर पक्ष्याची स्वतःची प्रतिकारशक्ती तयार होते. फक्त लिटर ओलं असेल तर हे 'थोडे' थोडे राहत नाहीत. खाद्यातलं औषध ठराविक माऱ्यापुरतंच पुरतं.

तेव्हा कंपनीला लेखी विचारा: सध्या खाद्यात कुठलं कॉक्सीविरोधी औषध आहे? हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे, आणि ते माहीत असणं जिवावर बेतणारं असू शकतं. खाद्यात सालिनोमायसिन किंवा मोनेन्सिन असताना पाण्यातून टायम्युलिन हे अँटिबायोटिक दिलं तर विषबाधा होते. पक्षी लुळे पडतात.

माणगाववाला
हे शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात लिहून शेडच्या दारावर लावा. आमच्या भागात एकाने सर्दीसाठी दुकानातून टायम्युलिन आणून पाजलं. सकाळी निम्मी शेड पाय पसरून पडलेली. त्याला वाटलं कोणी करणी केली.

कुडाळकरीण
माझा अनुभव गावठी आणि गिरिराज कोंबड्यांचा. बचतगटाच्या बायका परसात पाळतो. आम्ही दर दोन-तीन महिन्यांनी जंताचं औषध देतो आणि फरक स्पष्ट दिसतो. एकदा एक कोंबडी कापली तर आतड्यात शेवयांसारखे पांढरे जंत. तेव्हा शेजाऱ्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ आहे असं मला वाटत नाही.

गुरांचा डॉक्टर
ताई, तुमच्या कोंबड्यांसाठी तुम्ही करताय ते बरोबरच आहे. मोठ्या गोल जंताचं अंडं पोटात गेल्यापासून तो मोठा होऊन स्वतः अंडी घालायला लागेपर्यंत पाच ते आठ आठवडे जातात. परसातली कोंबडी दोन वर्षं जगते, तिच्यात तो मजेत नांदतो. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत कढईत. तेवढ्यात जंतांचं बस्तान बसत नाही. पट्टकृमी मुंग्या, माश्या, भुंगेरे खाऊन होतो, तोही बंद शेडमध्ये कमी.

मुख्य म्हणजे जंताचं औषध, मग ते पिपराझिन असो, लेव्हामिसोल की अल्बेंडाझोल, कॉक्सीवर चालत नाही. कॉक्सी हा जंत नव्हेच, एकपेशीय जीव आहे. शेजाऱ्याचं ऐकलं तर औषधाचे पैसे जातील आणि आठवडाही जाईल.

तिखटमीठ
मी मुंबईत राहणारी, फक्त खाणारी. जेवताना धागा उघडला ही माझी चूक. पण आता विचारतेच, ही असली कोंबडी आपण खाल्ली तर आपल्याला काही होतं का? उद्या पाहुणे येतायत, कोंबडी-वड्यांचा बेत आहे.

तुसाचं पोतं
पाहुण्यांना धाग्याची लिंक आधी पाठवा. वडे तुम्हाला जास्त मिळतील.

गुरांचा डॉक्टर
काही होत नाही. कोंबडीचा आयमेरिया कोंबडीतच वाढतो, माणसाला लागत नाही. कच्च्या कोंबडीतून माणसाला धोका असतो तो साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर अशा जिवाणूंचा. नीट शिजवा, कच्च्या मटणाची सुरी आणि कोशिंबिरीची सुरी वेगळी ठेवा.

आंबा फणस
पण अँटिबायोटिक? पेपरात काय काय येतं.

हर्णैचा वारा
येतं ते उगाच येत नाही. पोट बिघडलं की दुकानदार सांगेल ती बाटली पाण्यात ओतायची ही सवय आपल्यात आहेच. कोलिस्टिन २०१९ मध्ये सरकारने जनावरं, कोंबड्या आणि त्यांच्या खाद्यासाठी बंद केलं, तोवर ते सर्रास चालायचं. माझं म्हणणं, शेतकऱ्याला कारण कळलं तर बाटल्या आपोआप कमी होतील. कॉक्सीवर अँटिबायोटिक ओतून काय होणार?

गुरांचा डॉक्टर
भर घालतो. कॉक्सीने अस्तर सोललं की तिथे चिकट द्रव आणि रक्तातली प्रथिनं पाझरतात. आतड्यात आधीच असलेल्या क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जिवाणूला हे आयतं जेवण. मग नेक्रोटिक एन्टरायटिस (आतडं सडण्याचा रोग) होतो आणि तेव्हा मात्र खरोखर मर लागते. म्हणजे लोक ज्या रोगासाठी अँटिबायोटिक ओततात, त्याची वाट बऱ्याचदा या लपलेल्या कॉक्सीनेच केलेली असते. गंबोरो (प्रतिकारशक्ती खच्ची करणारा विषाणूजन्य रोग) होऊन गेलेल्या बॅचमध्येही कॉक्सी बळावतो, लसीकरण चुकवू नका.

ताकपिठलं
मी औषधांच्या विरोधातच आहे. आमच्याकडे ओवा, लसूण, हळद कुटून पाण्यात देतात, वर ताक. पक्षी टकाटक. निसर्गात सगळं आहे.

माणगाववाला
ताक निपलमध्ये (पक्षी चोचीने दाबून पाणी पितात ती तोटी) घातलंत का कधी? दोन दिवसांत पाइपात जे साठतं ते निसर्गातलंच असतं, पण पक्षी तहानेने मरतात.

गुरांचा डॉक्टर
ओव्यात थायमॉल असतं आणि त्यावर, तसंच त्याच्या भावंडांवर कॉक्सीसाठी बरेच प्रयोग झालेत. थोडा उपयोग दिसतो, पण दरवेळी सारखा नाही. जोडीला द्यायचं तर द्या. खाद्यातल्या औषधाऐवजी नको. घरगुती म्हणून चुलीवर किती उकळला, किती कुटला, याने मात्रा रोज बदलते, हा खरा प्रश्न.

सुपारीबाग
गुहागरकडून नमस्कार. मी करार सोडून स्वतःची बॅच टाकतो, तेव्हा खाद्य माझं, दोषही माझाच. इतका वेळ सगळे औषधावर बोलताय. कोकणात हा रोग छपराखाली आणि तुसात ठरतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाचव्या आठवड्यात ५००० पक्षी दिवसाला हजार लिटरच्या वर पाणी पितात. त्यातलं बरंचसं विष्ठेतून तुसावर येतं. म्हणजे आपल्या शेडमध्ये पाऊस छपरातून पडत नाही, कोंबडीतून पडतो. उन्हाळ्यात वारा ते उचलून नेतो. पावसाळ्यात बाहेरच्या हवेतच पाणी ठासून भरलेलं, त्यात आपण झड येते म्हणून चारही बाजूंनी ताडपत्री बांधून बसतो. मग लिटर वाळणार कसं? डोळे चुरचुरले की समजायचं अमोनिया झाला, म्हणजे लिटर कधीच ओलं झालंय.

पहिली गोष्ट, पडदा खाली बांधलेला आणि वरून उघडणारा हवा. आपल्याकडे उलटं, वर बांधून खालून गुंडाळतात. झड थेट पक्ष्यावर येते म्हणून मग उघडतच नाहीत. वरून हातभर फट कायम राहिली तर ओली हवा निघून जाते. नैर्ऋत्येच्या बाजूला पाखं चांगलं पुढे काढा आणि बाहेरून नारळाची झापं उभी करा. वारा येतो, पाणी अडतं. ताडपत्रीपेक्षा झाप बरा, हे माझं ठाम मत आहे, कोणी हसलं तरी.

दुसरी गोष्ट तूस. गिरणीवाल्याकडे जुलैत गेलात तर दमट तूस चढ्या भावात मिळेल. मी शिमग्यानंतर भरून ठेवतो, फळ्यांवर, भिंतीपासून सुटं. पावसाळी बॅचला तीन-चार इंच थर. रोज परतायचं. मुठीत दाबून बघा: मूठ उघडल्यावर सुटलं तर ठीक, गोळा राहिला तर ओलं. निपलच्या खालचा पट्टा सगळ्यात आधी चपातीसारखा जमतो. तो उचलून बाहेर टाका, परतून आत मिसळू नका. निपल पक्ष्याने मान वर करून प्यावं इतक्या उंचीवर हवं, दर दोन दिवसांनी वर घ्या.

आणि फिनेल, ब्लीचने कॉक्सीची अंडी मरतात हा भ्रम सोडा. त्यांचं कवच असल्या औषधांना दाद देत नाही. ती मरतात वाळल्यावर आणि आगीने. बॅच गेल्यावर लिटर शेडपासून लांब नेऊन रचा, जमीन खरवडून धुवा, वाळू द्या, मग फ्लेमगन फिरवा. जांभ्याच्या फटीत आणि उखडलेल्या कोब्यात जुनं लिटर राहतं, तिथे सिमेंट भरून घ्या.

पडवीतला
सुपारीबाग, हे प्रिंट काढून ठेवतो. एक शंका: लिटर ओलं झालं की आम्ही चुना मारतो. बरोबर?

सुपारीबाग
रिकाम्या शेडमध्ये मारा. पक्षी आत असताना ओल्या लिटरवर चुना टाकला की अमोनिया उफाळतो, स्वतः नाक लावून बघा.

कुडाळकरीण
वाचनखूण साठवली. आमच्या गटातल्या एका काकूंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "ह्या सगळा ऐकून माका वाटता, कोंबड्येपेक्षा तुसाचीच निगा जास्त करूक होयी."

हर्णैचा वारा
काकूंना सुपरवायझर नेमा.

माणगाववाला
थोडं विरोधात बोलतो. दर बॅचला लिटर पूर्ण काढून शेड लखलखीत केली की कॉक्सी संपेल असं वाटतं, पण माझ्याकडे अगदी नव्या कोऱ्या शेडमध्येही पहिल्या पावसात दणका बसला होता. डॉक्टर, याचं काय?

गुरांचा डॉक्टर
छान प्रश्न. शेड शून्य करता येत नाही. बुटाला, भुंगेऱ्यांना लागून अंडी येतातच. अतिस्वच्छ शेडमध्ये पिल्लांची सुरुवातीला गाठच पडत नाही, प्रतिकारशक्ती तयार होत नाही, आणि मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एकदम मारा बसतो. हवा असतो तो लवकर, थोडा आणि सगळ्यांना सारखा संपर्क. कॉक्सीची लस याच तत्त्वावर आहे: जिवंत अंडी मोजून पिल्लांना देतात. पण ज्या जातीशी गाठ पडली तिच्यापुरतीच प्रतिकारशक्ती येते, म्हणून लसीत अनेक जाती घालतात. ब्रॉयलरचं आयुष्य छोटं असल्याने आपल्याकडे बहुतेक जण खाद्यातल्या औषधावरच राहतात.

पडवीतला, एवढी चर्चा झाली पण पोट कोणी उघडून बघितलं नाही. जवळच्या पशुवैद्यकांना घेऊन २१ ते २८ दिवसांच्या दरम्यान चार-पाच पक्षी उघडा. मेलेले नकोत, मेल्यावर आतडं तासाभरात बदलतं. मधल्या वजनाचे, धडधाकट दिसणारे घ्या. वरच्या आतड्याला बाहेरूनच आडव्या पांढऱ्या रेघा दिसतात का, मधलं फुगून नारिंगी झालंय का, पिशव्यांत रक्त आहे का, बघा. १९७० साली जॉन्सन आणि रीड यांनी ० ते ४ अशी गुणांची पद्धत घालून दिली, अजून तीच वापरतात. आतडं खरवडून काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर अंडी दिसतीलच. मॅक्झिमाची मोठी, ॲसर्व्हुलिनाची त्याच्या निम्म्याला थोडी वर.

तिखटमीठ
वडे छान झाले होते. मी कोंबडीच्या आतड्यांकडे न बघता वाढलं.

पडवीतला
अपडेट. पंचायत समितीच्या दवाखान्यातले डॉक्टर शेडवर आले. सध्याची बॅच २६ दिवसांची आहे. पाच पक्षी उघडले. चारांच्या वरच्या आतड्यात पांढऱ्या रेघा, त्यातल्या दोघांत एकमेकींना भिडलेल्या. तिघांचं मधलं आतडं सैल, आत नारिंगी चिकट. पिशव्या पाचही पक्ष्यांच्या स्वच्छ. एकही जंत नाही. त्यांनी वरच्या आतड्याला २ गुण दिले, मधल्याला १ ते २. पिल्लांवर किंवा खाद्याच्या दर्जावर ढकलण्यासारखं काही दिसलं नाही, पण कॉक्सीचं औषध कुठलं आहे ते कंपनीला मेसेज करून विचारलंय. अजून उत्तर 'कळवतो' एवढंच.

आता प्रश्न, लिफ्टिंग (विक्रीसाठी पक्षी उचलणं) ३६ व्या दिवशी. आता औषध देऊन फायदा आहे का? दुकानात ॲम्प्रोलियम आहे, टोल्ट्राझुरिलही आहे.

माणगाववाला
देऊन टाका, बघत काय बसलात.

गुरांचा डॉक्टर
घाई नको. टोल्ट्राझुरिल प्रभावी आहे, किलोला ७ मिलिग्रॅमप्रमाणे सलग दोन दिवस पाण्यातून देतात, पण मांसातून उतरायला त्याला वेळ लागतो. लेबलवरचे दिवस आणि तुमची लिफ्टिंगची तारीख जुळत नसेल तर द्यायचंच नाही. ॲम्प्रोलियमचे दिवस कमी, पण त्याची गंमत अशी की ते बी-१ जीवनसत्त्वासारखं सोंग घेऊन परजीवीला उपाशी मारतं. त्याच पाण्यात बी-कॉम्प्लेक्स ओतलं की औषध निम्मं वाया. आपल्याकडे 'ताकदीसाठी' म्हणून दोन्ही बाटल्या हमखास एकत्र देतात! काय द्यायचं ते ज्यांनी पोट बघितलं त्या डॉक्टरांना आणि कंपनीच्या पशुवैद्यकाला विचारून ठरवा. २६ व्या दिवशी पक्ष्यांची स्वतःची प्रतिकारशक्तीही उभी राहत असते. या बॅचमध्ये औषधापेक्षा आठ-दहा दिवस लिटर कोरडं ठेवलंत तर जास्त मिळेल.

पडवीतला
डॉक्टरही तेच म्हणाले, औषध नको. कालपासून निपलखालचा जमलेला पट्टा काढतोय, दोन पंखे तिरके लावून लिटरवर वारा सोडलाय. पडदे आमचे वर बांधलेलेच आहेत, ते उलटवायचं काम बॅच गेल्यावर. वाळका तूस मात्र इथे मिळेना. लांज्यापर्यंत विचारून झालं, सगळ्यांकडे दमट.

सुपारीबाग
लाकडाच्या वखारीत विचारा. भुसा चालेल, फार बारीक नको आणि ओल्या लाकडाचा नको. फर्निचरवाल्याकडचा रंध्याचा छिलका मिळाला तर उत्तमच. पॉलिश, रसायन लावलेल्या लाकडाचा नाही ना, हे आधी विचारून घ्या.

हर्णैचा वारा
आणि 'कळवतो' आलेला तो मेसेज जपून ठेवा, स्क्रीनशॉट काढून. हिशोबाच्या दिवशी एफसीआरचे पैसे कापायला बसले की आधी तो पुढे करा, मग बोला.

तुसाचं पोतं
माझ्या आयडीचा भाव वाढलेला दिसतोय. लांज्याला माल पोचवून मिळेल, भाडं वेगळं.

पडवीतला
वखारवाला हो म्हणाला, सागवानाचा छिलका आहे. उद्या टेम्पो पाठवतोय. पोत्याला काय भाव योग्य, कोणी सांगेल का?